तपासणी एकाची, झटका दुसऱ्याला

प्राप्तिकर कायद्यात प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीच्या खर्चासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंतची वजावट ठेवलेली आहे. आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी असलेल्या एकूण मर्यादेतच ती धरली जाते आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच तिचा लाभ मिळतो. तिच्यात एक गंमतही आहे. विम्याचा हप्ता रोखीने भरला तर वजावट नाही. तपासणीचे पैसे मात्र रोख दिले तरी चालतात. आर्थिक वर्ष संपत आले की महानगरांतील लॅबच्या जाहिरातींना येणाऱ्या भरतीला या तरतुदीचाही थोडा हातभार लागत असावा. ‘संपूर्ण शरीर तपासणी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पॅकेजांत चाचण्यांची लांबलचक यादी असते आणि तीत हमखास असते ती ‘लिपिड प्रोफाइल’, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल आणि अन्य मेदद्रव्यांची चाचणी.

याच व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला पाहू. २०१८ मध्ये सुरू झालेली ‘आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना’ गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार देते. हृदयविकाराचा झटका आलेल्या मजुराची अँजिओप्लास्टी तीत होते, ही लहान गोष्ट नव्हे. त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, तेव्हा त्या निर्णयाचे देशभर स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु योजनेचे छत्र रुग्ण घरी गेल्यावर १५ दिवसांनी मिटते. सोळाव्या दिवसापासूनची औषधे त्याने स्वतः विकत घ्यायची, अथवा सरकारी दवाखान्यात मिळाली तर मिळवायची. स्टेंट एकदाच बसवायचा असतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी रोज, आयुष्यभर घ्यायची असते. ज्या धमन्यांत स्टेंट बसलेला नाही त्या पुढच्या दहा वर्षांत तुंबू नयेत, हे काम स्टेंटचे नाही. ते गोळीचे आहे.

हृदयविकाराच्या बाबतीत आपला देश ज्यांना धोका कमी त्यांच्या तपासण्या भरपूर करतो आणि ज्यांना धोका सर्वाधिक त्यांच्यावर उपचार अपुरे करतो, असे माझे मत आहे. या विसंगतीचे मूळ केवळ अर्थसंकल्पात शोधून भागणार नाही. लिपिड प्रोफाइलच्या कागदावरील आकडा नेमके काय सांगतो, याविषयीच्या गैरसमजातही ते आहे. म्हणून धोरणाकडे वळण्यापूर्वी त्या कागदाकडे पाहणे भाग आहे.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके, पित्तरस यांसाठी ते शरीराला लागते आणि त्यातील मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते. ते रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांच्या वेष्टनात बांधून वाहून न्यावे लागते. एलडीएल आणि एचडीएल ही त्या गाठोड्यांच्या प्रकारांची नावे. एलडीएलची गाठोडी धमनीच्या भिंतीत शिरून अडकतात, वर्षानुवर्षे तिथे थर साचत जातो आणि एखाद्या दिवशी तो फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते. पेशी रक्तातले एलडीएल कसे उचलून घेतात हे दाखवणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. त्याआधी १९७३ मध्ये जपानच्या अकिरा एंडो यांनी एका बुरशीतून शोधलेल्या द्रव्यातून स्टॅटिन वर्गातील औषधांचा मार्ग खुला झाला होता. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यू ३० टक्क्यांनी कमी आढळले. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने खाली आले की हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक-पंचमांशाने घटतात, हे त्यानंतरच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने दाखवले आहे. एलडीएलच्या दोषाविषयी आता गंभीर शास्त्रीय वाद उरलेला नाही, व्हॉट्सॲपवर तो कितीही रंगत असला तरी.

गोंधळ आहे तो आकड्याच्या वाचनात. दोन काल्पनिक अहवाल घेऊ. पहिल्यात एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३२ आणि ट्रायग्लिसराइड २५०. दुसऱ्यात एकूण कोलेस्टेरॉल २२२, एचडीएल ६४ आणि ट्रायग्लिसराइड ९०. बहुतेक लॅबच्या कागदावर २०० ही एकूण कोलेस्टेरॉलची इष्ट मर्यादा छापलेली असते. अमेरिकेतील २००१ च्या मार्गदर्शक सूचनांतही तीच होती. त्यामुळे दुसऱ्या अहवालातील २२२ ठळक अक्षरांत येतो आणि घरात चिंता पसरते. पहिल्यातील १९० निमूटपणे निघून जातो. एलडीएलची ओळ या समजाला दुजोराच देते. अनेक लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून, काढतात. त्या हिशेबाने पहिल्याचे एलडीएल १०८ येते, दुसऱ्याचे १४०.

आता एकूण कोलेस्टेरॉलमधून नुसते एचडीएल वजा करा. दोघांचेही उत्तर १५८ येते. या आकड्याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीत साचू शकणारी सर्व प्रकारची गाठोडी त्यात मोजली जातात, फक्त एलडीएल नव्हे. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रथमच काढल्या, त्यांत सामान्य धोक्याच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा १३० ठेवली आहे. म्हणजे एकाला धास्ती आणि दुसऱ्याला दिलासा देणारे हे दोन कागद एकाच पातळीवरचे आहेत. कमी एचडीएल आणि चढे ट्रायग्लिसराइड हीच भारतीयांत वारंवार आढळणारी जोडी असल्यामुळे हा फरक आपल्याकडे अधिक महत्त्वाचा ठरतो. नॉन-एचडीएलसाठी वेगळी चाचणी लागत नाही. शाळकरी वजाबाकी पुरते. उपाशीपोटी रक्त देण्याची गरजही त्याला नाही, कारण जेवणानंतर चढतात ते मुख्यतः ट्रायग्लिसराइड. याच सूचनांनी पहिल्या तपासणीसाठी उपवासाची अट सैल केली आहे. ही तांत्रिक बाब वाटेल. परंतु ज्या शेतमजूर स्त्रीला सकाळची मजुरी बुडवून उपाशीपोटी तालुक्याला जावे लागते, तिच्यासाठी ती तांत्रिक नाही.

तरीही १५८ या आकड्याचा अर्थ अजून पुरता लागलेला नाही. पहिला अहवाल ४८ वर्षांच्या, बिडी ओढणाऱ्या, मधुमेह असलेल्या ट्रकचालकाचा असेल आणि दुसरा ३५ वर्षांच्या, धूम्रपान न करणाऱ्या, रक्तदाब नेमका असलेल्या शिक्षिकेचा, तर आकडा एक असूनही पुढील दहा वर्षांतील धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक पडेल. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासाने जगाला शिकवले ते हेच: धोका एका घटकाचा नसतो, वय, रक्तदाब, तंबाखू, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांच्या एकत्रित भाराचा असतो. भारतीयांच्या बाबतीत या भाराचा परिणाम लवकर दिसतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांचे विश्लेषण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या उपखंडात पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ आढळले, इतर देशांत ते सुमारे ५९ होते. या तफावतीचे कारण काही गूढ आनुवंशिकतेत शोधण्याची फारशी गरज पडली नाही. तेच ओळखीचे धोके इथे कमी वयात गाठतात, हे तिचे मुख्य स्पष्टीकरण. आयुष्मान योजनेचे दार २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता उघडले, त्याचे स्वागत करताना हा ५३ चा आकडा मला आठवत राहतो.

इथे एका बहुचर्चित आकड्याकडे वळले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ अभ्यासाने १,१३,०४३ लोकांच्या पाहणीवरून २०२३ मध्ये सांगितले, की ८१.२ टक्के भारतीय प्रौढांच्या रक्तातील मेदद्रव्यांत काही ना काही बिघाड आहे. हा अभ्यास देशाला मिळालेला मोठा ठेवा आहे. परंतु ज्या व्याख्येत पाचांपैकी चार प्रौढ आजारी ठरतात, ती कार्यक्रमाची पायरी म्हणून वापरताना सावध राहायला हवे. त्याच अभ्यासात एलडीएल वाढलेले २०.९ टक्के आहेत. कमी एचडीएल असलेले ६६.९ टक्के. म्हणजे एकूण आकडा फुगतो तो मुख्यतः एचडीएलमुळे. आणि एचडीएल औषधाने वाढवण्याचे प्रयत्न आजवर फसले आहेत. टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएल झपाट्याने वाढले, पण मृत्यूही वाढले, म्हणून डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. नायसिनच्या मोठ्या चाचण्यांतूनही लाभ दिसला नाही. कमी एचडीएल हा बहुधा बैठे जीवन, पोटावरची चरबी, तंबाखू आणि ताटातील पांढऱ्या भाताचा, मैद्याचा, साखरेचा अतिरेक यांचा माग आहे. मागावर औषध नसते. दोन-तृतीयांश प्रौढांच्या हाती ‘एचडीएल कमी’ असा शिक्का असलेला कागद देऊन आपण फार तर पुढच्या तपासणीचे ग्राहक तयार करू.

मग धोका खरोखर ज्यांना सर्वाधिक आहे, त्यांचे काय? ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे त्याच्या धोक्याविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. त्याला स्टॅटिन हवे, हे सांगण्यासाठी लिपिड प्रोफाइलही लागत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासाने अशा रुग्णांना घरी जाऊन विचारले. अल्प उत्पन्नाच्या देशांच्या गटात, ज्यात तेव्हा भारतही धरला होता, हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी अवघे ३.३ टक्के स्टॅटिन घेत होते. श्रीमंत देशांत हे प्रमाण ६६.५ टक्के होते. ८० टक्के रुग्ण तर हृदयासाठीचे एकही औषध घेत नव्हते. त्यानंतर परिस्थिती सुधारली असेल. औषध स्वस्त झाले, दुकाने वाढली. तरी सुरुवातच ३.३ टक्क्यांवरून करायची असेल, तर सुधारणेची चाल किती लागेल याची कल्पना करता येते. हे औषध महाग मुळीच नाही. अटोर्व्हास्टॅटिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्याची किंमत नियंत्रित आहे आणि जनऔषधी केंद्रातील १० मिलिग्रॅमच्या गोळीचा दिवसाचा खर्च एका कटिंग चहाइतकाही नाही.

अडचण किमतीची नसून वाटेची आहे. बिगरसंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीवरील प्रत्येकाची उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारच्या कर्करोगांसाठी चाळणी अपेक्षित आहे. आशा सेविका घरोघरी जो तक्ता भरते त्यात वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांचे प्रश्न आहेत. कोलेस्टेरॉल या चाळणीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत रक्तदाब आणि रक्तशर्करा घरोघरी मोजली गेली, कोलेस्टेरॉल नाही. यावर माझे अनेक डॉक्टर मित्र म्हणतात, की मग तेही जोडा. प्रत्येक प्रौढाची लिपिड प्रोफाइल सरकारने मोफत करावी.

या सूचनेशी मी सहमत नाही. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यातले काही दिवस संपलेल्या असतात, तिथे आणखी एक चाचणी म्हणजे आणखी एक नोंदवही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये धोका मोजण्याचे जे तक्ते काढले, त्यांत दक्षिण आशियासाठी वेगळा तक्ता आहे, आणि त्याची एक आवृत्ती रक्तचाचणीशिवाय चालते. वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब आणि उंचीच्या प्रमाणातील वजन एवढ्यावर ती धोका सांगते. यातील बरीच माहिती आशा सेविकेच्या तक्त्यात आणि उपकेंद्रातील रक्तदाबमापकावर आधीच उपलब्ध आहे. झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना आयुष्यभर स्टॅटिन, चाळिशीवरील मधुमेहींना स्टॅटिन, आणि उरलेल्यांतून तक्त्याने ज्यांचा धोका जास्त दाखवला त्यांनाच लिपिडची चाचणी: हा क्रम लावला तर चाचणी उपचाराच्या सेवेत राहील. आज ती बाजाराच्या सेवेत आहे. यातला मधुमेहींचा गटच किती मोठा आहे पाहा. ‘इंडियाब’च्या अंदाजानुसार देशात २०२१ मध्ये १०.१ कोटी मधुमेही होते. गोव्यात प्रौढांतील प्रमाण २६.४ टक्के, उत्तर प्रदेशात ४.८ टक्के. एवढी तफावत असताना सर्व राज्यांना एकच ‘तपासणी लक्ष्य’ ठरवून देणे म्हणजे दिल्लीची जुनी खोड.

असा क्रम इथे चालू शकतो का, या शंकेला उत्तर आपल्याच देशात आहे. २०१७ च्या अखेरीस पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण आणि महाराष्ट्र यांतील २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याचे यश कोणत्याही नव्या यंत्रात नव्हते. प्रत्येक राज्याने एकच उपचारक्रम ठरवला, मोजकी औषधे भरपूर प्रमाणात घेतली, रुग्णाला एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या दिल्या आणि न आलेल्याचा पाठपुरावा केला. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये त्याची दखल घेऊन पुरस्कार दिला. त्याच रुळांवर स्टॅटिनचा डबा जोडण्यास अडथळा कोणता, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. तमिळनाडूने २०२३ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांत छातीत दुखत असलेल्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी लगेच देण्यासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अटोर्व्हास्टॅटिन ठेवायला सुरुवात केली. गोळी गावापर्यंत पोहोचू शकते, एवढे तरी यातून सिद्ध झाले.

दोन आक्षेपांची दखल घेतली पाहिजे. पहिला तरुणांविषयीचा. जन्मतःच एलडीएल फार चढे असणारी कुटुंबे असतात आणि त्यांतील तरुणांचा धोका कोणताही तक्ता दाखवत नाही, कारण तक्त्यात वयाचा भार मोठा असतो. वडिलांना वा भावाला पंचावन्नच्या आत, आईला वा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर त्या व्यक्तीने विशीतच लिपिडची चाचणी करावी, आणि आशा सेविकेच्या तक्त्यातील कौटुंबिक इतिहासाचा प्रश्न हे वय विचारेल इतका सुधारावा. चाचणीला माझा विरोध नाही. ती कोणाची करायची याविषयी आपण बेफिकीर आहोत, ही माझी तक्रार आहे. दुसरा आक्षेप औषधाच्या दुष्परिणामांचा. स्टॅटिनमुळे मधुमेहाचे प्रमाण किंचित वाढते, हे खरे आहे; लाभाच्या तुलनेत ते थोडे आहे, हेही खरे. अंगदुखीची तक्रार फार ऐकू येते. ब्रिटनमध्ये अशा तक्रारीमुळे गोळी सोडलेल्यांनाच काही महिने स्टॅटिन, काही महिने साधी बिनऔषधी गोळी आणि काही महिने काहीच न देता पाहिले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्टॅटिनने होणाऱ्या त्रासाचा ९० टक्के भाग बिनऔषधी गोळीनेही झाला. दुखणे खोटे नसते, पण दोष दर वेळी गोळीचा नसतो. हे समजावून सांगायला डॉक्टरला पाच मिनिटे लागतात, आणि आपल्या बाह्यरुग्ण विभागात तीच मिळत नाहीत.

तेलाविषयी थोडे. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक छापून तेल विकले जाते, जणू इतर तेलांत ते असते. कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते. प्रश्न संपृक्त मेदाचा आहे, आणि पाम तेलात तो जवळपास निम्मा असतो. वनस्पती तुपातील आणि तळणातील ट्रान्स मेदावर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, तो आपल्या अन्न नियमनातील मोजक्या धडाडीच्या निर्णयांपैकी एक. मात्र त्याआधी काही महिनेच, ऑगस्ट २०२१ मध्ये, पाम लागवड वाढवण्यासाठी ११,०४० कोटी रुपयांचे अभियान मंजूर झाले. आयातीचा भार पाहता त्यामागचे अर्थशास्त्र समजू शकते. परंतु त्या निर्णयाच्या वेळी आरोग्य मंत्रालयाने काय म्हटले, हे जाहीर चर्चेत कुठे दिसले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून घरातील तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. तेल किती, याबरोबरच कोणते, हेही सरकारने एकदा सांगावे.

आयुष्मान योजनेच्या पंधरा दिवसांकडे परत येतो, कारण सर्वांत स्वस्त दुरुस्ती तिथेच शक्य आहे. हृदयविकारासाठी योजनेखाली दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद संगणकावर आहे. नाव, गाव, शस्त्रक्रियेची तारीख, सगळे. ती यादी रुग्ण घरी जाताच त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावी, केंद्राने त्याला महिन्याच्या गोळ्या द्याव्यात आणि सहा महिन्यांनी तो त्या घेतो आहे का, याची मोजणी राज्याने जाहीर करावी. रुग्णालयाला अँजिओप्लास्टीसाठी दिलेल्या रकमेच्या तुलनेत हा खर्च क्षुल्लक आहे. नवी योजना, नवे नाव, नवे पोर्टल यांपैकी काहीही त्यासाठी लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते कोणाच्या घोषणेत आलेले नाही.